शाळेतली तारीख का खरी?

जुन्या पिढीतल्या माणसाला जन्मतारीख विचारली की धाराशिवकडे हमखास उलटा प्रश्न येतो : "शाळेतली का खरी?" शाळेतली बहुधा १ जून असते. जूनमध्ये शाळा उघडायची, गुरुजी वाडी-वस्तीवरून पोरं गोळा करायचे. पोराने हात डोक्यावरून नेऊन पलीकडचा कान पकडला की ते सहा वर्षांचं झालं असं धरायचे, आणि दाखल-खारीज रजिस्टरात सहा वर्षं मागची १ जून लिहून टाकायचे. तीच तारीख पुढे दहावीच्या प्रमाणपत्रावर, तिथून सेवापुस्तकात. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला सरकारी कर्मचारी आधीच्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून दर ३१ मे रोजी राज्यभरातल्या कार्यालयांत निरोप समारंभांची रांग लागते.

यात गुरुजींना दोष देण्यात अर्थ नाही. सप्टेंबर १९४८पर्यंत हा मुलूख निजामाचा. महसुली दप्तर उर्दूत आणि साल फसली, ज्यात साधारण ५९० मिळवले की इसवी सन निघतं. बाळंतपणं घरात व्हायची आणि जन्म लक्षात राहायचा तो 'दुष्काळाच्या साली' किंवा 'सुगीत' असा. जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९चा आहे आणि महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७०पासून लागू झाला. त्याआधी जन्मलेल्यांकडे जन्माचा दाखला नसणं हीच रीत होती.

मग आधार आलं. ज्यांनी केंद्रावर नुसतं वय सांगितलं, त्यांचं वर्ष काढून पुढे १ जानेवारी लागली. अशा रीतीने एकाच माणसाचे कागदावर दोन जन्म झाले. अडचण दोन तारखांची नाही. कुठल्या दारात कुठला कागद चालतो हे माहीत नसणं, ही खरी अडचण.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४मध्ये निकाली काढलेलं हरियाणातलं एक प्रकरण पाहा. २०१५ साली एक माणूस अपघातात गेला. शाळेच्या दाखल्यावर जन्म १९७०चा, आधारवर १९६९चा. अपघाताच्या भरपाईत वार्षिक उत्पन्नाला वयानुसार एका आकड्याने गुणतात : ४१ ते ४५ वयाला १४, ४६ ते ५०ला १३. म्हणजे दोन कागदांतल्या फरकापायी कुटुंबाचं एका वर्षाचं उत्पन्न पणाला लागलेलं. न्यायालयाने शाळेचा दाखला मानला. आधार ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नव्हे, हे त्यात स्पष्ट झालं. भविष्य निर्वाह निधी संघटनेनेही जानेवारी २०२४मध्ये जन्मतारखेच्या पुराव्यांच्या यादीतून आधार वगळलं.

पण म्हणून आधार बाजूला ठेवून चालत नाही. सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, पाच लाखांपर्यंतचे उपचार देणारं आयुष्मान वय वंदना कार्ड आधारवरच्या वयानेच निघतं. एसटीत ७५ वर्षांपुढच्यांना मोफत आणि ६५ ते ७५ वयाच्यांना अर्ध्या तिकिटात प्रवास आहे. तिथेही कंडक्टरपुढे बहुतेक जण आधारच धरतात. न्यायालय, नोकरी, निवृत्तिवेतन यांत शाळेचा किंवा जन्माचा दाखला, आणि योजनांत आधार, अशी ढोबळ वाटणी आहे.

नव्या पिढीसाठी हा गुंता सुटत चाललाय. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना, पासपोर्ट, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी या सगळ्यांसाठी जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा पुरावा. त्यामुळे आता नोंद हुकवणं महागात पडेल. मुदत २१ दिवसांची. तीस दिवसांपर्यंत विलंब शुल्क, त्यापुढे वर्षापर्यंत वरिष्ठांची परवानगी, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश.

आपल्याकडे यात एक खास मेख आहे. जन्माची नोंद राहत्या गावी होत नाही, जन्म जिथे झाला तिथे होते. कळंब, भूम, वाशी, परंड्याकडची कुटुंबं ऊसतोडीसाठी कोयता घेऊन दिवाळीच्या सुमारास कोल्हापूर-सांगलीकडे किंवा कर्नाटकात जातात. बाळ फडावर जन्मलं तर नोंद त्या गावच्या ग्रामपंचायतीत, दवाखान्यात जन्मलं तर तिथल्या हद्दीत. पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, गावी येऊन आपल्या ग्रामपंचायतीत नोंद मागितली तर ती मिळत नाही. एकवीस दिवस कधीच उलटलेले असतात आणि परक्या राज्यातल्या गावाला खेटे घालणं मजुरीवर पाणी सोडण्यासारखं असतं. मुकादमाकडून उचल घेताना जसा हिशेब बघता, तसा तिथून निघण्याआधी दाखला हातात आहे का ते बघा. बाळाचं नाव ठरलेलं नसलं तरी नोंद होते. नाव वर्षभरात फुकट घालता येतं, पुढे पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून.

अठरावं वर्ष हा मोठा उंबरठा. १८७५च्या कायद्यानुसार जन्माचा दिवस पूर्ण धरतात आणि अठराव्या वाढदिवसाचा दिवस उजाडताच माणूस सज्ञान होतो. त्याआधी त्याने केलेला करार कायद्याने करारच नव्हे. मतदारयादीसाठी आता वर्षातून चार तारखा धरतात : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. अर्ज मात्र सतराव्या वर्षी आगाऊ देता येतो.

गावात अठराचा खरा संबंध येतो तो सातबाराशी. बाप लवकर गेला की वारसनोंदीत लहान मुलांची नावं लागतात आणि पुढे 'अ.पा.क.' म्हणून आईचं नाव येतं, म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मुलगा मोठा होतो, त्याचं लग्न होतं, तरी तो शेरा तसाच. मग पीककर्जाला किंवा खरेदीखताला गेलं की काम अडतं. शेरा कमी करायला वयाचा पुरावा जोडून तलाठ्याकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, अर्ज द्यायचा. ई-हक्क प्रणालीतून घरबसल्याही देता येतो. फेरफार मंजूर झाला की शेरा जातो. आणि एक गोष्ट बऱ्याच चुलत्यांना आवडणार नाही : हिंदू कुटुंबात अज्ञानाच्या वाट्याची जमीन पालकाने न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकली असेल, तर सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांच्या आत तो मुलगा किंवा मुलगी दावा करून तो व्यवहार रद्द करून घेऊ शकते. तीन वर्षं गेली की हक्क गेला.

लग्नाला मुलीचं वय १८, मुलाचं २१. कोयत्याला जोडी लागते म्हणून पोरीचं लग्न उरकणं आपल्या भागात चालतं, आणि त्यासाठी आधारवर वय वाढवून आणण्याची शक्कलही चालते. ती टिकत नाही. बालन्याय कायद्यात वय ठरवताना आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी असा क्रम आहे. त्यात आधार कुठेच नाही. गावात ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. १०९८ या बालकांच्या हेल्पलाइनवर फोनही करता येतो. ज्या मुलीचं लग्न होऊन गेलंय, तिला सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत ते रद्द करून मागता येतं.

पैशाच्या नियोजनात वय म्हणजे थेट किंमत. अटल पेन्शन योजनेत साठीनंतर महिना पाच हजार हवे असतील तर अठराव्या वर्षी हप्ता २१० रुपये, चाळिसाव्या वर्षी १,४५४. पहिला माणूस ४२ वर्षांत १,०५,८४० रुपये भरतो, दुसरा २० वर्षांत ३,४८,९६०. पेन्शन दोघांना सारखीच. चाळिशी ओलांडली की प्रवेश बंद. आयकर भरणाऱ्यांना २०२२पासून ही योजना नाही, पण आपल्याकडचा कोरडवाहू शेतकरी, टपरीवाला, मजूर यांच्यासाठी ती अजून उघडी आहे. मुलीसाठी सुकन्या समृद्धी खातं दहा वर्षांच्या आतच उघडावं लागतं. ४३६ रुपयांचा जीवनज्योती विमा पन्नाशीपर्यंत घेता येतो, वीस रुपयांचा अपघात विमा सत्तरीपर्यंत चालतो. शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे योजनेचे दोन लाख १० ते ७५ वयोगटालाच मिळतात.

इथेच वय फिरवण्याचा मोह होतो. एसटीसाठी वय वाढवलेल्या बाईचे लाडकी बहीणचे दीड हजार थांबतात, कारण ती योजना २१ ते ६५ वयाची. श्रावणबाळ पेन्शन योजना पासष्टीला सुरू होते, पण तिला उत्पन्नाची अट बरीच कडक. शिवाय आधारवरची जन्मतारीख साध्या मार्गाने एकदाच बदलता येते. ती संधी खरी चूक दुरुस्त करायला राखून ठेवावी.

साठीनंतरचा सगळ्यात मोठा हक्क बँकेच्या जादा व्याजाचा नाही, २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचा आहे. पोरं सांभाळत नसतील तर उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज करून महिना दहा हजारांपर्यंत निर्वाहभत्ता मागता येतो. याच कायद्याच्या कलम २३नुसार, सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता अट मोडल्यास परत मिळवता येते. पण दस्तात अटच नसेल तर ती सिद्ध करता करता नाकी नऊ येतात. तेव्हा मुलाच्या नावे बक्षीसपत्र करायला दुय्यम निबंधकाकडे जाणार असाल, तर सांभाळाचं ते एक वाक्य दस्तात घातलंय का, हे अंगठा उमटवण्याआधी वाचून घ्या; वाचता येत नसेल तर दुसऱ्याकडून वाचून घ्या, ज्याला जमीन मिळणार आहे त्याच्याकडून नको.