महारोहिणीची आंतून दुरुस्ती

हृदयांतून निघणारी महारोहिणी सर्व शरीरास रक्त पुरविते. तिची भिंत दुर्बळ झाली म्हणजे ती जागोजाग फुगते. फुगवटा फुटल्यास बहुधा मृत्यूच ओढवतो. १९५५ सालीं थोर शास्त्रज्ञ आईन्स्टाईन ह्याच विकारानें वारले. पूर्वी पोट चिरूनच कृत्रिम नळी शिवावी लागे. वृद्ध व अशक्त रोग्यांस तें सोसत नसे. १९९० सालीं अर्जेंटिनांतील ब्यूनॉस आयरिस येथें डॉक्टर पारोदी ह्यांनीं जांघेंतील रोहिणीवाटे, धातूच्या जाळीचा आधार असलेली कापडी नळी मिटून आंत नेली व जागीं उघडून बसविली. हिलाच स्टेंट ग्राफ्ट म्हणतात. रक्त नळींतून वाहूं लागतें व फुगवट्यावरील ताण ओसरतो. मात्र कडेनें रक्त झिरपूं शकतें. म्हणून रोग्यानें आजन्म तपासणी करवून घ्यावी. धूम्रपानानें हा विकार बळावतो. देह हें ईश्वराचें मंदिर जाणून विद्यार्थ्यांनीं त्या व्यसनापासून दूर राहावें.