म्हसवडची ‘देशी एमबीए’

सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यातल्या म्हसवडमध्ये चेतना गाला-सिन्हा यांनी महिलांची बँक काढायचं ठरवलं, तेव्हा रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला. कारण, अनेक सभासदांनी सहीच्या जागी अंगठे उमटवले होते. बायका खचल्या नाहीत. साक्षरता वर्गाला बसल्या आणि पुन्हा अधिकाऱ्यांसमोर गेल्या. ‘कुठल्याही मुद्दलावरचं व्याज विचारा, कॅलक्युलेटरशिवाय सांगतो, तुमच्या साहेबांनाही सांगू द्या,’ असं त्यांनी ठणकावलं. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. नेतृत्वाचा खरा धडा गिरवला गेला तो तिथेच, असं मला वाटतं.

पुढे नुसत्या कर्जाने धंदा वाढत नाही, हेही ध्यानात आलं. मग उद्योजिकांसाठी शाळा निघाली. घर सोडून येणं जमत नाही म्हणून वर्गच बसमध्ये भरवून गावोगावी नेला. हिशेब ठेवणं, भाव ठरवणं, माल विकणं आणि चारचौघांत बोलणं तिथे शिकवतात. धंदा वाढवू पाहणाऱ्या बायकांसाठीचा अभ्यासक्रम म्हणजे ‘देशी एमबीए’. आठवडी बाजारात बसणाऱ्या विक्रेतीला तर बँक कॅश क्रेडिट, म्हणजे गरजेप्रमाणे उचलता-भरता येणारं कर्ज, देते.

या कामाची दखल जगानेही घेतली: जानेवारी २०१८ मध्ये दावोसला भरलेल्या जागतिक आर्थिक मंचाच्या वार्षिक बैठकीच्या सात महिला सहअध्यक्षांत चेतनाताई होत्या.