तांबड्या ताऱ्याचा निळा सोबती

मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर समुद्राकडे पाठ करून उभे राहा आणि थोडे उजवीकडे, आग्नेयेस पाहा. वृश्चिकेतील ज्येष्ठा हा तांबूस तारा दिसेल. तो एकटाच भासतो. पण आहे युग्मतारा. 1819 साली चंद्राने त्याला झाकले होते. चंद्राआडून बाहेर येताना अंधूक सोबती काही क्षण आधी दिसला, म्हणून सापडला!

दूरच्या प्रचंड ताऱ्यांबाबत असा योग येत नाही. मग तारा एकटा की दुकटा, हे ठरवावे कसे? ठरवावे लागते खरे; कारण जवळचा सोबती ताऱ्याचे बाहेरचे वायू ओढून घेऊ शकतो, आणि मग ताऱ्याचा अखेरचा स्फोटही वेगळा होतो.

तांबड्या महाताऱ्याचे पृष्ठतापमान 3,600 केल्विन व निळ्या सोबत्याचे 20,000 केल्विन धरा. पहिल्याचा प्रकाश 800 नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असतो, तर दुसऱ्याचा 145च्या आसपास, म्हणजे जंबुपार (अतिनील) भागात. प्लांकच्या सूत्राने 172 नॅनोमीटरसाठी गणित केले, तर दर चौरस मीटरमागे निळा तारा सुमारे 19 कोटी पट तेजस्वी ठरतो. तांबडा व्यासाने 100 पट मोठा असला, तरी क्षेत्रफळाने 10,000 पटच. म्हणजे निळा तरीही 19,000 पट वरचढ!

हे किरण आपल्या वातावरणात अडतात. म्हणून दुर्बीण वर न्यावी लागते. 28 सप्टेंबर 2015 रोजी सोडलेल्या ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावर तशी दुर्बीण होती. ती घडविण्यात बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेबरोबर पुण्याच्या आयुकाचाही वाटा होता. तिने लहान मॅगेलन मेघाची छायाचित्रे घेतली. ही दीर्घिका सुमारे 2 लाख प्रकाशवर्षे दूर आहे. (वसईहून ती कधीच क्षितिजावर येत नाही.) इतक्या दूरचे जोडपे चित्रात सुटे दिसत नाही. तांबड्या ताऱ्याच्या जागी जंबुपार ठिपका उमटला आहे का, एवढेच पाहावयाचे. 2022 साली ली पॅट्रिक व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात 560 तांबड्या महाताऱ्यांपैकी 88 जागी ठिपका सापडला.

तो ठिपका मागच्या-पुढच्या भलत्याच ताऱ्याचा कशावरून नसेल? ही शंका घ्यायलाच हवी. नकाशावर सर्व ताऱ्यांच्या जागा मुद्दाम थोड्या सरकवा व पुन्हा जुळणी करा. आता जुळतील ते ठिपके निव्वळ योगायोगाचे. त्यांच्या संख्येवरून खऱ्या जुळणीत योगायोग किती, याचा अंदाज येतो.

उरलेल्या 472 ताऱ्यांना मात्र एकटे म्हणता येत नाही. सोबती थंड किंवा फार मंद असेल, तर तो या चित्रात उमटणारच नाही. 560 पैकी 88 म्हणजे 16 टक्क्यांहून थोडे कमी. निसटलेली जोडपी हिशेबात धरून निबंधाने सुमारे 19 टक्के हा आकडा दिला आहे. तोसुद्धा सोबत्याचे वस्तुमान मुख्य ताऱ्याच्या तीन-दशांशाहून अधिक असलेल्या युग्मांपुरताच.