परतीची वेळ आधी ठरते

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या मालवणात नवी सून घरात येते तेव्हा माहेरची लहानशी पितळी अन्नपूर्णा तिच्याबरोबर येते. शेजारच्या घरांतून वाटीभर तांदळात बसवलेली ती मूर्ती मी लहानपणापासून पाहत आलो आहे. सगळ्यांच्या पोटाला अन्न देणारी ही देवता. आता योग असा, की याच नावाचा एक पर्वत नेपाळात आहे, आणि आठ हजार मीटरहून उंच अशा जगातल्या चौदा शिखरांत माणसांचे बळी घेण्यात त्याचा क्रमांक फार वर्षे पहिला होता. अन्नपूर्णेच्या मुख्य शिखराची उंची ८०९१ मीटर. २०१२ पर्यंतचा हिशेब मांडला तर साधारण तीन यशस्वी चढायांमागे एक मृत्यू असे प्रमाण पडते. पुढे ते कमी झाले, पण त्या नावाचा धाक काही गेलेला नाही.

या शिखरावर १६ एप्रिल २०२१ रोजी पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेचे भूषण हर्षे, डॉ. सुमित मांदळे आणि जितेंद्र गवारे हे तिघे पोहोचले. मोहिमेचे नेते होते उमेश झिरपे. त्याच दिवशी साताऱ्याची प्रियांका मोहितेही तिथे पोहोचली. चौघेही सुखरूप खाली आले. वर्तमानपत्रांत शिखरावरचे फोटो छापून आले, ते आपण कौतुकाने पाहिले. पण अशा फोटोमागे एकदोन वर्षांची जी आखणी असते, ती फोटोत दिसत नाही. आज मला तिच्याविषयी बोलायचे आहे.

श्रोतेहो, तुम्ही म्हणाल, समुद्रकाठच्या माणसाने हिमालयाच्या गोष्टी कशाला सांगाव्यात? सांगतो. आमच्याकडे होडी दर्यात न्यायची तर तांडेल आधी परतीचा विचार करतो. भरती कधी, वारा कुठला, डिझेल किती, हे सगळे तो किनाऱ्यावर असतानाच ठरवतो. मोठ्या शिखराची मोहीम वाचता-ऐकता माझ्या ध्यानात आले, की तिथलाही नियम हाच. चढण्याची योजना म्हणजे मुळात उतरण्याची योजना. आणि ती खाली असतानाच करावी लागते, कारण वर गेल्यावर माणसाचे डोके नीट चालत नाही.

असे का होते? मालवणच्या जेटीवर उभे असताना आपल्या डोक्यावर हवेचा पुरा दाब असतो. सुमारे साडेपाच हजार मीटरवर तो निम्मा होतो. आठ हजार मीटरवर जेमतेम एक तृतीयांश उरतो. हवेतले प्राणवायूचे प्रमाण तेच, शंभरात एकवीस. पण हवाच विरळ, म्हणून प्रत्येक श्वासात तो थोडा येतो. भूक मरते, झोप उडते, जखम भरत नाही. फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी धरू शकते, आणि त्यावरचा खरा इलाज एकच, ताबडतोब खाली आणणे. सर्वांत वाईट म्हणजे विचारशक्ती मंदावते आणि तसे झाल्याचे त्या माणसाला कळतही नाही. आठ हजार मीटरवरच्या पट्ट्याला गिर्यारोहक ‘डेथ झोन’ म्हणतात, ते उगाच नाही.

म्हणून आखणीतले पहिले काम शरीराला हळूहळू सवय लावण्याचे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज पाचशे मीटरहून जास्त वाढवायची नाही आणि दर तीनचार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यायची, असा सर्वमान्य दंडक आहे. बेसकॅम्पवरून वरच्या कॅम्पवर जायचे, परत खाली येऊन झोपायचे, पुन्हा थोडे अधिक वर जायचे. यात आठवडेच्या आठवडे जातात. उतावळ्या माणसाचे हे काम नव्हे.

दुसरे काम हिशेबाचे. प्राणवायूची नेहमीची बाटली सुमारे बाराशे लिटरची. मिनिटाला दोन लिटर घेतला तर ती दहा तास पुरते, चार लिटर घेतला तर पाचच तास. शेवटच्या कॅम्पवरून शिखर गाठून परत यायला बारा ते अठरा तास लागू शकतात. म्हणजे माणशी किती बाटल्या हव्यात, त्यांतल्या किती वाटेत ठेवायच्या, हे गणित वहीत आधी सुटले पाहिजे. चढतानाच साठा संपवला तर उतरायचे कशावर? अपघात पुष्कळदा उतरतानाच होतात. अंगातली ताकद, प्राणवायू आणि दिवसाचा उजेड ही तिन्ही भांडवले तेव्हा एकदमच सरत आलेली असतात.

तिसरे काम हवामानाचे, आणि इथे आपला कोकण आणि हिमालय एकाच आभाळाखाली येतात. हिवाळाभर आकाशात उंचावर वाहणारा पश्चिमेचा जोरदार वारा, ज्याला जेट प्रवाह म्हणतात, तो या शिखरांना झोडपत असतो. उन्हाळा तापू लागला, मान्सून जवळ येऊ लागला, की हा प्रवाह उत्तरेला तिबेटच्या बाजूला सरकतो. वारा पडतो आणि पावसाळी बर्फ सुरू होण्यापूर्वी काही दिवसांची फट मिळते. एव्हरेस्टवर, कांचनजंगेवर बहुतेक चढाया मे महिन्यात होतात त्या यामुळे. त्याच मे महिन्याच्या अखेरीस दांडीच्या, तारकर्लीच्या किनाऱ्यावर होड्या ओढून वर घेतल्या जातात. १ जूनपासून मासेमारी बंद, जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस कोकणात, आणि पुढच्या काही दिवसांत तोच पाऊस नेपाळात. आपण होड्यांवर झापे घालत असतो तेव्हा तिकडचे गिर्यारोहक शेवटची फट धुंडाळत असतात.

आणखी एक गोष्ट रेडिओ ऐकणाऱ्यांनी अभिमानाने लक्षात ठेवावी. १९५३ साली तेनसिंग आणि हिलरी २९ मे रोजी एव्हरेस्टवर पोहोचले. त्या मोहिमेसाठी आकाशवाणीवरून आणि बीबीसीवरून हवामानाचे खास अंदाज सांगितले जात होते. पुढे उपग्रहांवरून तासातासाचे अंदाज मिळू लागले. पण अंदाज कितीही नेमका मिळो, वारा वाढणार असे कळल्यावर थांबायचे की नाही, हे माणसालाच ठरवावे लागते.

अन्नपूर्णेवर याखेरीज हिमस्खलनाचे संकट आहे. उत्तरेच्या वाटेवर दुसऱ्या आणि तिसऱ्या कॅम्पच्या मधला भाग त्यासाठी कुप्रसिद्ध आहे. उन्हाने बर्फ सैल व्हायच्या आत, काळोखात किंवा भल्या पहाटे तो ओलांडायचा आणि तिथे रेंगाळायचे नाही, एवढेच माणसाच्या हाती असते. १९५० साली ३ जून रोजी मॉरिस हेरझॉग आणि लुई लाशनाल हे फ्रेंच गिर्यारोहक या शिखरावर पोहोचले. आठ हजार मीटरच्या शिखरावर माणूस पोहोचला, तो पहिल्यांदा. त्यांच्याकडचे नकाशे इतके चुकीचे होते, की पर्वताची वाट शोधण्यातच कित्येक आठवडे गेले आणि चढाई पावसाळ्याच्या तोंडावर आली. उतरताना वादळाने गाठले, रात्र बर्फाच्या भेगेत काढावी लागली. दोघेही जिवंत परतले, पण हिमदंशाने दोघांच्याही पायाची बोटे गेली. हेरझॉगच्या हातांचीही गेली.

आणि सगळी आधुनिक साधने असतानाही हिशेब चुकतोच. २०२१ च्या ज्या हंगामाचा मी उल्लेख केला, त्यात अन्नपूर्णेच्या वरच्या टप्प्यावर लावायचा दोरच कमी पडला. गिर्यारोहकांना उंचावरच्या कॅम्पमध्ये खोळंबावे लागले, आणि दोर व प्राणवायू हेलिकॉप्टरने पोहोचवावा लागला. सुदैवाने हवा चांगली होती. नसती तर?

हा दोर लावतात कोण? शेर्पा. तंबू, शिधा, बाटल्या वर नेतात तेही तेच, आणि धोक्याच्या जागेवरून आपण एकदा जातो तिथून ते अनेकदा जातात. १८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टच्या खुंबू हिमप्रवाहावर हिमस्खलन झाले आणि सोळा जण ठार झाले. सगळे नेपाळी कामगार होते. तेव्हा मोहिमेच्या आखणीत त्यांचा विमा, त्यांचा पोशाख, त्यांचा परतीचा प्राणवायू यांची तरतूद आपल्याइतकीच चोख हवी. आमच्या रापणीत जाळे ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा ठरलेला असतो. संकटातही वाटा सारखाच असावा.

आता मूळ मुद्द्यावर येतो. १० मे १९९६ रोजी एव्हरेस्टवर अनेक जण एकाच वेळी चढत होते. दुपारी दोनच्या सुमारास, असाल तिथून मागे फिरायचे, असे बोलले गेले होते. प्रत्यक्षात काही जण चार वाजतासुद्धा शिखराकडेच चालत होते. संध्याकाळी वादळ आले. त्यात आठ जण गेले. त्यांतले तिघे उत्तरेकडून चढलेले, भारत-तिबेट सीमा पोलिस दलातले आपले जवान. परतीची वेळ ठरवून उपयोग नसतो, ती पाळावीही लागते. समोर शिखर दिसत असताना ती पाळणे अवघड, म्हणून ‘अमुक वाजले की फिरा’ हे सांगण्याचा अधिकार खालच्या शांत डोक्याच्या नेत्याकडे असावा आणि सर्वांनी तो आधीच मान्य केलेला असावा.

अशी शिस्त पाळूनही निसर्ग निसर्गच राहतो. १५ मे २०१९ रोजी गिरिप्रेमीचे दहा गिर्यारोहक एकाच मोहिमेत ८५८६ मीटर उंच कांचनजंगेवर पोहोचले आणि परतले. त्याच दिवसांत त्याच पर्वतावर पश्चिम बंगालच्या दोन गिर्यारोहकांचा मृत्यू झाला. यात कुणी शहाणे आणि कुणी अडाणी असा निवाडा घरात बसून करू नये. आखणीमुळे धोका कमी होतो, संपत नाही.

आपल्या जिल्ह्यातली मुलेही आता सह्याद्रीचे कडे चढतात, हिमालयात जातात. जरूर जावे. उत्तरकाशीला, दार्जिलिंगला रीतसर शिक्षण घ्यावे, आधी लहान शिखरे करावीत. पण पैसे भरले की शिखर हमखास, असे सांगणाराही कुणी भेटतो. त्याला आईवडिलांनी चार प्रश्न विचारावेत. माणशी प्राणवायू किती? आजारी पडल्यास खाली कोण आणणार? बरोबरच्या शेर्पांची जबाबदारी कुणाची? आणि परत फिरायची वेळ कोणती, ती कोण सांगणार? उत्तरे गुळमुळीत आली, तर त्या वर्षी जाऊ नये.

दर्यावरून रिकामी होडी परत आली म्हणून आमच्याकडे तांडेलाला कुणी भित्रा म्हणत नाही. वाऱ्याचे लक्षण पाहून तो वेळेत फिरला, एवढेच म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच होडीवर जातात. शिखराच्या शंभर मीटर खालून मागे फिरलेल्या मुलालाही आपण हाच मान दिला पाहिजे. पर्वत तिथेच असतो. पुढच्या वर्षी पुन्हा जाता येते.