सोळाव्या पातळीवरची उत्क्रांती

गेल्या वर्षी आमच्या चिरंजीवांच्या सहावीच्या विज्ञानाच्या टेस्टमध्ये प्रश्न होता: उत्क्रांती म्हणजे काय, ते उदाहरणासह लिहा. चिरंजीवांनी लिहिलं होतं, की एखाद्या प्राण्याला पुरेसा अनुभव मिळाला की तो बदलून जास्त ताकदवान प्राणी होतो, आणि एकदा झाला की परत पहिल्यासारखा होत नाही. पाचपैकी एक गुण. तो एक तरी बाईंनी कशाबद्दल दिला हे मला अजून उमगलेलं नाही. बहुधा स्पेलिंगबद्दल असावा.

घरात डॉक्टरेट मिरवणारा मी एकटाच. तेव्हा "हे तुला कुणी शिकवलं?" असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. उत्तर शांतपणे आलं, "पोकेमॉन. आणि बाबा, गेममध्येसुद्धा इव्होल्यूशनच म्हणतात. शब्द तोच आहे."

यावर मला पटकन काही बोलता येईना, कारण मुद्दा खरा होता. मग पुढचे तीन-चार वीकेंड मी सोफ्यावर त्याच्या शेजारी बसून काढले. (हे सगळं मुलासाठीच चाललं आहे यावर सौ.चा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही.) त्यातून जे समजलं ते लिहितो आहे. आपल्यापैकी बऱ्याच घरांत हा खेळ आहे, आणि "काय ते राक्षस घेऊन बसतोस" यापलीकडे आपण त्याची चौकशी केलेली नसते.

हा खेळ जपानमध्ये २७ फेब्रुवारी १९९६ रोजी निन्टेन्डोच्या गेम बॉय या हातात मावणाऱ्या यंत्रावर आला; अमेरिकेत यायला १९९८चा सप्टेंबर उजाडला. तेव्हा त्यात १५१ काल्पनिक प्राणी होते, आज हजाराच्या वर आहेत. प्राणी पकडायचे, जोपासायचे, एकमेकांशी लढवायचे. लढाई जिंकली की अनुभवाचे गुण मिळतात, गुण साठले की पातळी वाढते आणि ठरावीक पातळी आली की पडदा उजळतो, संगीत वाजतं आणि प्राण्याचं रूप पालटतं. शेपटीच्या टोकाला ज्योत असलेला चारमँडर सोळाव्या पातळीला चारमीलियन होतो, आणि छत्तिसाव्याला पंख फुटून चारिझार्ड.

हिशेब करणाऱ्यांसाठी थोडे आकडे. चारमँडरच्या गटात सोळाव्या पातळीला एकूण २,५३५ गुण लागतात, छत्तिसाव्याला ४०,००७ आणि शंभराव्याला १०,५९,८६०. म्हणजे गुण साधारण पातळीच्या घनाच्या प्रमाणात वाढतात. या सूत्रात पातळी १ घातली तर उत्तर उणे ५४ येतं. पहिल्या खेळांत ऋण संख्येची सोयच केलेली नव्हती. २४ बिटांच्या जागेत उणे ५४ लिहिलं की ते १,६७,७७,१६२ असं वाचलं जातं. सरळ मार्गाने पहिल्या पातळीचा प्राणी मिळत नसे, पण आडवाटेने तो मिळवून पोरं त्याला एखादी किरकोळ लढाई जिंकायला लावत, आणि तो एकदम शंभराव्या पातळीवर जाऊन बसे. आमच्या धंद्यात अशा चुका रोज होतात; मुलं इतक्या आनंदाने त्या वापरत मात्र नाहीत.

पण मला खरा धागा सापडला तो केटरपी या हिरव्या अळीपाशी. तिच्या डोक्यावर तांबडं, दुभागलेलं शिंग असतं आणि त्यातून ती घाण वास सोडते. हे वाचलं आणि मी थेट सांगलीला आमच्या परसात पोचलो. कढीलिंबाच्या झाडावर हिरव्या अळ्या असत. काडीने डिवचलं की डोक्यामागून तांबडं, दुभागलेलं काहीतरी बाहेर काढत आणि बोटांना वास लागे. ती लिंबावरच्या फुलपाखराची अळी. आई ओरडायची, की फोडणीत येईल एखादी. काही दिवसांनी कोश दिसे आणि मग एका सकाळी तो रिकामा असे.

केटरपी सातव्या पातळीला कोश होते आणि दहाव्याला फुलपाखरू. खेळातले बाकीचे बरेच प्राणी त्या मानाने उशिरा बदलतात. किडे भराभर मोठे होतात, हे करणाऱ्याला ठाऊक होतं. ठाऊक असणारच. खेळाचे जनक सातोशी ताजिरी टोकियोजवळच्या माचिदा गावात वाढले आणि लहानपणी त्यांना किडे गोळा करण्याचं वेड होतं. पुढे तिथली शेतं आणि तळी इमारतींखाली गेली. किडे पकडण्याची मजा शहरातल्या मुलांना मिळावी, हा या खेळामागचा विचार त्यांनी स्वतःच सांगितलेला आहे.

म्हणजे खेळात ज्याला इव्होल्यूशन म्हणतात ते मुळात किड्यांचं रूपांतरण आहे. एकच जीव, एकाच आयुष्यात, अळीचा कोश आणि कोशाचं फुलपाखरू. चिरंजीवांच्या उत्तरात चूक होती ती इथे. खरी उत्क्रांती एका प्राण्याची होतच नाही. ती होते समूहाची, पिढ्यांमागून पिढ्या.

हे नुसतं सांगून त्याला पटलं नाही. मग मी गालापागोस बेटांतल्या डाफ्ने मेजर या छोट्या बेटाची गोष्ट काढली. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे शास्त्रज्ञ दांपत्य तिथल्या फिंच पक्ष्यांना खुणेची कडी घालून, चोची मोजून वर्षानुवर्षं नोंदी ठेवत होतं. १९७७ साली पाऊस पडला नाही. बारीक, मऊ बिया संपल्या. उरल्या त्या मोठ्या आणि टणक. शंभरातले ऐंशीहून जास्त पक्षी मेले. जे वाचले त्यांत जाड चोचीचे जास्त होते, आणि त्यांची पिल्लंही जाड चोचीची निघाली. पुढच्या पिढीची सरासरी चोच आधीच्यापेक्षा जाड झाली, पण एकाही पक्ष्याची चोच दुष्काळात वाढली नव्हती.

चिरंजीव बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे कुणीच इव्हॉल्व्ह झालं नाही. बाकीचे मेले फक्त." मी सव्वीस वर्षं शिकून इतकं सरळ वाक्य कधी केलं नसतं. त्यात पिल्लांना चोच आईबापांकडून मिळते एवढी भर घातली की झालं.

आता शब्दाचा दोष कुणाचा? जपानीत खेळासाठी 'शिन्का' हा शब्द आहे आणि जीवशास्त्रातही तोच. त्याची फोड 'पुढे जाणं' आणि 'बदल' अशी होते. इंग्रजी शब्द लॅटिनमधल्या 'उलगडणे' या अर्थाच्या क्रियापदावरून आला. डार्विनला तो फारसा मानवला नसावा. १८५९च्या पहिल्या आवृत्तीत तो नाम म्हणून नाहीच, १८७२च्या सहाव्या आवृत्तीत आला. आणि आपली 'उत्क्रांती' तर सरळ 'वर पाऊल टाकणं'. जुन्या संस्कृतात देहातून प्राण निघून जाण्यालाही हाच शब्द आहे. थोडक्यात, तिन्ही भाषांत शब्दच चढण दाखवतो, आणि मग चिंपांझी कधी माणूस होणार असं मुलांनी विचारलं की आपण त्यांच्यावर वैतागतो.

गंमत अशी की खेळ जसा वाढला तशी त्यात खरी उत्क्रांतीही शिरली, पण दुसऱ्या नावांनी. २०१६च्या खेळात अलोला नावाची बेटं आहेत, हवाईच्या धर्तीवरची. तिथला रटाटा हा उंदीर काळा आणि निशाचर आहे, कारण उंदीर आवरायला बाहेरून आणलेले मुंगसासारखे प्राणी दिवसा हिंडतात. हे हवेतून काढलेलं नाही. हवाईत १८८३ साली उसाच्या मळ्यांतले उंदीर मारायला जमैकाहून मुंगसं आणली. जमैकात ती १८७२ साली कलकत्त्याहून गेलेली, म्हणजे मूळची आपल्याकडचीच. मुंगूस दिवसाचं आणि उंदीर रात्रीचा, तेव्हा उंदीर राहिले ते राहिलेच आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी गेली. २०२२च्या खेळात विगलेट नावाचा वाळूतून डोकं काढणारा प्राणी आहे. तो हुबेहूब जुन्या डिगलेटसारखा दिसतो, पण दोघांचं नातं काही नाही. सारख्या राहणीमुळे सारखं रूप, शार्क आणि डॉल्फिन यांच्यासारखं. खेळात याला इव्होल्यूशन म्हणत नाहीत. म्हणायला हवं होतं ते इथे.

रूप पालटण्याच्या बाकी तऱ्हा सांगत बसलो तर पुरवणी पुरणार नाही. काहींना विशिष्ट दगड लागतो, काहींना मालकाचा लळा लागावा लागतो. २००२च्या खेळातल्या वर्मपल या अळीची तर दोन वेगळी फुलपाखरं होऊ शकतात. कुठलं होणार हे ती भेटते त्याच क्षणी एका ३२ बिटांच्या छुप्या संख्येने ठरलेलं असतं. तिच्या एका भागाला १० ने भागून बाकी ४ किंवा कमी उरली तर एक, जास्त तर दुसरं. पुढे कितीही जोपासा, फरक नाही. आणि २०१३च्या खेळातला इनके तिसाव्या पातळीला पोचताना हातातलं यंत्र उलटं धरावं लागतं. हे कोणाच्या डोक्यातून निघालं असेल त्याला माझा नमस्कार.

एक तऱ्हा मात्र सोडून चालणार नाही. पहिल्या १५१ मध्ये चार प्राणी असे होते, की ते एकट्याने खेळणाऱ्याकडे शेवटच्या रूपाला पोचतच नसत. दोन गेम बॉय तारेने जोडून प्राणी दुसऱ्याला द्यावा लागे, तेव्हाच तो बदले. शिवाय खेळाच्या दोन आवृत्त्या होत्या आणि काही प्राणी एकीत, काही दुसरीत. एकट्याला संच पुरा करताच येऊ नये अशी ही मुद्दाम केलेली रचना. त्या तारेतून किडे सरपटत पलीकडे जाताहेत असं चित्र ताजिरींना दिसलं होतं म्हणे.

आम्ही दोन वर्षांपूर्वी माझ्या नोकरीपायी ओहायोहून इथे नॉर्थ कॅरोलायनात आलो. चिरंजीवाकडे हॉन्टर नावाचं भूत होतं. पंचविसाव्या पातळीला ते हॉन्टर झालं आणि तिथेच थांबलं, कारण गेंगार व्हायला ते कुणाला तरी द्यावं लागतं. अनोळखी माणसांशी इंटरनेटवर देवाणघेवाण करायची नाही, हा आमच्या घरचा नियम. तो मीच केलेला. शेजारी बसू लागेपर्यंत मला पत्ता नव्हता, की ते हॉन्टर सात महिने तसंच आहे आणि त्याचं कारण पातळी नव्हे. मी विचारलं, "शाळेत कुणी नाही का?" तो म्हणाला, "आहेत. पण त्यांचे त्यांचे आहेत."

गेल्या गणपतीत आरती झाली, वर स्टेजवर नाट्यसंगीत सुरू झालं आणि मी चहा घ्यायला बाहेर आलो. कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून दोन पोरं बसली होती. दोघांच्या अंगात झब्बे, दोघांच्या हातात ते यंत्र. दुसरा मुलगा मी पूर्वी पाहिलेला नव्हता. हॉन्टर गेलं होतं.

यात एक अडचण आहे, जी मला तेव्हाच कळली. प्राणी बदलतो तो देणाऱ्याकडे नाही, घेणाऱ्याच्या यंत्रावर. तुमच्या सात महिन्यांच्या भुताचा गेंगार दुसऱ्याच्या पडद्यावर होतो आणि तो परत द्यायचा की नाही हे त्याच्या हातात असतं. चिरंजीव मान वाकडी करून त्या मुलाच्या पडद्यात बघत होता. संगीत वाजलं. तेवढ्यात त्या मुलाच्या आईने जेवायला हाक मारली आणि तो यंत्र झब्ब्याच्या खिशात टाकून पळाला.

चिरंजीव तिथेच बसून राहिला. मी काही बोललो नाही. वीसेक मिनिटांनी तो मुलगा दोन्ही हातांत मोदकांच्या दोन पेपर प्लेट घेऊन आला. एक याच्यापुढे ठेवली, हात झब्ब्याला पुसले आणि यंत्र बाहेर काढत म्हणाला, "तुझं परत घे. आता माझं पाठवतो, तू पण परत दे हं."