युरोपची पहिली वारी : कोहक्याहून व्हिएन्नापर्यंतचा हिशेब

भिलाई आणि युरोप यांचा परिचय जुना आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या काळात भिलाईचे अनेक अभियंते आणि तंत्रज्ञ प्रशिक्षणासाठी सोव्हिएत संघात जाऊन आले. तो प्रवास कामाचा होता आणि सरकारी खर्चाचा होता. आज सुपेल्यालगतच्या कोहक्यात, जुनवानीत वा टाउनशिपमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांत युरोपचा विषय निघतो तो हौसेपोटी आणि स्वखर्चाने. मुलांची शिक्षणे झाली, घराचे हप्ते फिटले, आता एकदा तरी युरोप पाहावा, ही इच्छा अनेक घरांत बोलून दाखविली जाते आणि ‘ते आपले काम नव्हे’ या एका वाक्यात मिटविलीही जाते.

वास्तविक आठ-दहा दिवसांचा युरोपप्रवास ही आता केवळ धनिकांची मिरासदारी राहिलेली नाही. मात्र तो आयुष्यभराच्या पुंजीला हात लावून करण्याचाही विषय नव्हे. मुदत ठेव मोडून वा व्यक्तिगत कर्ज काढून केलेली सहल परतल्यानंतर दीर्घकाळ सलत राहते. त्याउलट, दोन वर्षे शिस्तीने साठविलेली रक्कम तीन कामे करते. ती खर्च भागविते, कर्जापासून वाचविते आणि व्हिसा अधिकाऱ्यासमोर अर्जदाराची सर्वोत्तम साक्ष ठरते. या तिसऱ्या लाभाची जाणीव फार थोड्यांना असते.

आधी मुक्काम, मग खर्च

पहिल्या प्रवासातील सर्वांत महाग गोष्ट म्हणजे हव्यास. आठ दिवसांत सहा देश पाहण्याच्या नादात निम्मा वेळ सामान बांधण्यात आणि निम्मे पैसे वाहनांत जातात. पहिल्या वारीसाठी दोन शहरे पुरेशी आहेत. उदाहरणादाखल चेक प्रजासत्ताकातील प्रागमध्ये तीन रात्री आणि ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे पाच रात्री असा बेत घ्यावा. दोन्ही शहरे पायी व ट्रामने हिंडण्याजोगी आहेत. दोहोंमधील रेल्वेप्रवास सुमारे चार तासांचा आहे. जाताना प्रागला उतरून परतीचे विमान व्हिएन्नाहून घेतल्यास मागे फिरण्याचा खर्च वाचतो.

प्रागचा चार्ल्स पूल १३५७ मध्ये बांधावयास घेतला गेला, तर तेथील नगरभवनाचे खगोलीय घड्याळ १४१० पासूनचे आहे. पूल ओलांडण्यास वा तासाच्या ठोक्याला घड्याळ पाहण्यास एक पैसाही लागत नाही. व्हिएन्नातील शोनब्रुन राजवाड्याच्या आतील दालनांना तिकीट आहे, पण त्याचे विस्तीर्ण उद्यान सर्वांना मोफत खुले आहे. तेथील नळाला आल्प्स पर्वतातील झऱ्यांचे पाणी येते. ही योजना १८७३ पासून चालू आहे. सोबत रिकामी बाटली ठेवली तर पाण्यावर खर्च करण्याची गरज नाही.

भिलाईकरांसाठी या मार्गावर एक खास आकर्षण आहे. पोलाद कारखान्यात काम केलेल्या प्रत्येकाला ‘एलडी कन्व्हर्टर’ हा शब्द ठाऊक असतो. त्यातील ‘एल’ म्हणजे ऑस्ट्रियातील लिंझ आणि ‘डी’ म्हणजे डोनाविट्झ. शुद्ध प्राणवायूचा झोत सोडून पोलाद तयार करण्याची ही पद्धत १९५२ मध्ये लिंझ येथे प्रथम व्यापारी तत्त्वावर वापरात आली. व्हिएन्नाहून लिंझ रेल्वेने सव्वा तासाच्या अंतरावर आहे. सकाळी जाऊन, डॅन्यूब नदीकाठी दुपार घालवून, सायंकाळी परतता येते. ज्या दोन अक्षरांनी उभे आयुष्य व्यापले, त्यांतील एका अक्षराचे गाव पाहणे ही साधी बाब नव्हे.

दोघांचा अंदाजे खर्च

पुढील आकडे दोन व्यक्तींसाठी, गर्दीचा हंगाम टाळून आणि एक युरो ११० रुपये धरून मांडलेले नमुन्याचे आकडे आहेत. प्रत्यक्ष भाव नोंदणीच्या दिवशी पाहावेत.

- मुंबईहून जाण्यायेण्याचे विमानभाडे : १,१०,००० रुपये
- भिलाई-मुंबई प्रवास व मुंबईतील मुक्काम, व्हिसाच्या फेरीसह : ३०,००० रुपये
- व्हिसा शुल्क व सेवाकेंद्राचा आकार : २५,००० रुपये
- प्रवासविमा : ४,००० रुपये
- आठ रात्रींचा निवास, प्रतिरात्र ८० युरो : ७०,४०० रुपये
- जेवण, स्थानिक वाहतूक व प्रवेशमूल्य, नऊ दिवस प्रतिदिन ८० युरो : ७९,२०० रुपये
- प्राग-व्हिएन्ना व लिंझ रेल्वे : १६,५०० रुपये

एकूण बेरीज ३,३५,१०० रुपये होते. अडीअडचणीसाठी दहा टक्के धरल्यास रक्कम सुमारे ३ लाख ७० हजारांवर जाते. दरमहा १४,५०० रुपयांची २४ महिन्यांची आवर्ती ठेव काढली आणि व्याजदर वार्षिक ६ टक्के धरला, तर मुदतीअंती जवळपास एवढीच रक्कम हाती येते. नोकरीत असलेल्या दांपत्यास हा हप्ता जड वाटल्यास मुदत ३६ महिन्यांची करावी. परंतु हप्ता चुकवू नये.

यात एक धोका ध्यानी ठेवावा. खर्च युरोत आहे आणि बचत रुपयांत. १ जानेवारी २००२ रोजी युरोच्या नोटा चलनात आल्या तेव्हा एक युरो ४३ रुपयांच्या आसपास होता. २०२५ मध्ये त्याने शंभरी ओलांडली. म्हणून दर सहा महिन्यांनी उद्दिष्टाची फेरमांडणी करावी आणि वाढीव रकमेसाठी छोटी पूरक ठेव काढावी.

कागदपत्रे : येथेच खरी परीक्षा

शेंगेन व्हिसावर २९ देशांत प्रवास करता येतो. इंग्लंड व आयर्लंड त्यांत नाहीत. लंडनही पाहण्याचा मोह झाल्यास स्वतंत्र व्हिसा आणि स्वतंत्र खर्च आला. ११ जून २०२४ पासून प्रौढांसाठी शेंगेन व्हिसाचे शुल्क ९० युरो आहे आणि अर्ज नाकारला गेल्यास ते परत मिळत नाही. २०२४ या वर्षात भारतातून सुमारे ११ लाख अर्ज झाले आणि त्यांतील सुमारे १५ टक्के नाकारले गेले. म्हणजे साधारणतः सात अर्जांमागे एक. ज्याने व्हिसापूर्वीच परत न मिळणारी तिकिटे काढून ठेवली, त्याचा तोटा केवळ शुल्कापुरता राहत नाही. म्हणून व्हिसा हाती येईपर्यंत निवासाची नोंदणी रद्द करता येण्याजोगी असावी आणि विमानाचे केवळ आरक्षण असावे.

प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तो करावाच लागतो. अडीच-तीन महिने आधीचा काळ सर्वांत सोयीचा ठरतो. ज्या देशात सर्वाधिक मुक्काम, त्याच देशाकडे अर्ज करावयाचा असतो. मुक्काम समान असल्यास प्रथम प्रवेशाचा देश धरला जातो. वरील बेतात पाच रात्री व्हिएन्नात असल्याने अर्ज ऑस्ट्रियाकडे होईल. छत्तीसगडच्या रहिवाशांचा अर्ज कोणत्या शहरातील केंद्रात स्वीकारला जातो, हे प्रत्येक देशाच्या नियमांत पाहून मगच रेल्वेचे आरक्षण करावे. बोटांचे ठसे देण्यासाठी स्वतः उपस्थित राहावे लागते. ते ५९ महिने ग्राह्य राहतात. दुर्गहून मुंबई सुमारे अकराशे किलोमीटर आहे; एक कागद राहिला म्हणून दुसरी फेरी परवडणारी नाही.

पारपत्र गेल्या दहा वर्षांतील, युरोप सोडण्याच्या दिवसानंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पाने असलेले हवे. आपल्याकडे एक अडचण हमखास येते. महाराष्ट्रातील शाळेचा दाखला, छत्तीसगडमधील हिंदी कागदपत्रे आणि विवाहानंतर बदललेले नाव यांमुळे एकाच व्यक्तीच्या नावाची तीन स्पेलिंगे आढळतात. आधार, पॅन, पारपत्र आणि बँक खाते या चारही ठिकाणी नाव एकसारखे करून घेण्याचे काम आवर्ती ठेव सुरू होते त्याच महिन्यात हाती घ्यावे.

अर्जासोबत बँक खात्याचे अलीकडच्या महिन्यांचे उतारे द्यावे लागतात. अधिकारी त्यांत दोन गोष्टी शोधतो : अर्जदार खर्च पेलू शकेल काय आणि मायदेशी परतेल काय. वर्षभर पंधरा-वीस हजारांच्या घरात असलेल्या खात्यात अर्जाच्या आदल्या आठवड्यात चार लाख रुपये जमा झालेले दिसले की शंका येणे स्वाभाविक आहे. नातेवाइकांकडून उसनी रक्कम आणून खाते ‘फुगविण्याचा’ सल्ला देणारे मध्यस्थ भेटतात. तो सल्ला घातक आहे. आवर्ती ठेवीची रक्कमही मुदतपूर्तीनंतर एकदमच जमा होते, पण तिच्यामागे चोवीस हप्त्यांची नोंद असते. तो उतारा आणि एक छोटे स्पष्टीकरणपत्र अर्जास जोडावे. निवृत्तिवेतनाचा आदेश वा वेतनपावत्या, प्राप्तिकर विवरणपत्रे आणि नोकरीत असल्यास रजामंजुरीचे पत्र यांनी परतीची खात्री पटते. व्हिसाची ‘हमी’ देणाऱ्यांपासून दूरच राहावे. ती कोणालाच देता येत नाही.

विमा किमान ३० हजार युरोंच्या वैद्यकीय संरक्षणाचा, संपूर्ण कालावधीचा आणि सर्व शेंगेन देशांत लागू असणारा हवा. रक्तदाब, मधुमेह यांसारखे आजार विमा घेताना लपवू नयेत. लपविल्यास दावा अडतो. नेहमीची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातसामानात ठेवावीत.

पैसे कसे न्यावेत

सर्व रक्कम एकाच स्वरूपात नेऊ नये. मोठा भाग फॉरेक्स कार्डवर, एक आंतरराष्ट्रीय डेबिट वा क्रेडिट कार्ड राखीव आणि थोडे युरो रोख, अशी विभागणी करावी. दोन्ही कार्डे एकाच पाकिटात ठेवू नयेत. परकीय चलनाच्या नोटा एका प्रवासासाठी ३,००० अमेरिकी डॉलरच्या मूल्यापर्यंतच नेता येतात. ५० हजार रुपयांपेक्षा अधिक किमतीचे चलन घेताना रुपयांत रोख भरणा चालत नाही. निघण्यापूर्वी कार्डावरील परदेशी व्यवहारांची सुविधा सुरू करून घ्यावी आणि बँकेचे संदेश परदेशात मोबाइलवर येतील याची खात्री करावी.

दुकानदार वा एटीएम ‘रुपयांत पैसे द्यायचे की स्थानिक चलनात’ असे विचारते तेव्हा नेहमी स्थानिक चलन निवडावे. रुपयांचा पर्याय ओळखीचा वाटतो, पण त्यातील विनिमयदर बहुधा महाग पडतो. प्रागमध्ये चेक कोरुना चालतो. रस्त्यावर नोटा बदलून देणाऱ्यांशी व्यवहार करू नये. अधिकृत दुकानात फसगत झाल्याचे वाटले तर १,००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करण्याचा हक्क तेथील कायद्याने २०१९ पासून दिला आहे. त्यासाठी पावती जपून ठेवावी.

टीसीएस अर्थात उगमस्थानी संकलित होणाऱ्या कराविषयीही गैरसमज आहेत. उदारीकृत परतावा योजनेखाली स्वतः चलन घेतल्यास आर्थिक वर्षातील १० लाख रुपयांपर्यंत तो लागत नाही. ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून आहे. सहल कंपनीचे पॅकेज घेतल्यास मात्र पहिल्या रुपयापासून तो आकारला जातो. त्याचे दर वेळोवेळी बदलले आहेत, म्हणून चालू दर विचारून घ्यावा. हा खर्च नसून आगाऊ कर आहे. विवरणपत्रात त्याचे समायोजन वा परतावा मिळतो. तथापि तेवढी रक्कम काही महिने अडकते, हे हिशेबात धरावे.

काही लहान पण उपयुक्त गोष्टी

एप्रिलअखेर ते मे किंवा सप्टेंबर ते ऑक्टोबरचा प्रारंभ हा काळ हवामान व खर्च या दोन्ही दृष्टींनी सोयीचा असतो. छोट्या स्वयंपाकघराची सोय असलेली खोली घेतल्यास एक वेळचा वरणभात घरगुती होतो आणि खर्च निम्म्यावर येतो. चिवडा, मेतकूट खुशाल न्यावे. परंतु दूध व मांसाचे पदार्थ प्रवाशांनी बाहेरून आणण्यास युरोपीय संघात मनाई आहे. पेढे, खवा, तूप घरीच ठेवावे. आंबेही नेऊ नयेत. व्हिएन्नात रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, त्यामुळे शिधा शनिवारीच भरावा. ट्राम वा मेट्रोचे कागदी तिकीट यंत्रात छापून घ्यावयाचे असते. न छापल्यास खिशात तिकीट असूनही दंड भरावा लागू शकतो. संकटसमयी ११२ हा क्रमांक सर्वत्र चालतो. रायपूर-मुंबई आणि मुंबई-युरोप ही तिकिटे स्वतंत्र असल्यास मधे एका रात्रीचे अंतर ठेवावे. पहिले विमान चुकल्यास दुसऱ्या कंपनीवर जबाबदारी नसते.

परतल्यावर उरलेले परकीय चलन १८० दिवसांत बँकेस परत करावे. २,००० डॉलर मूल्यापर्यंत ते पुढील प्रवासासाठी स्वतःजवळ ठेवता येते. आणि पुढील प्रवासाचा विचार अवश्य ठेवावा. एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने भारतीयांसाठी स्वीकारलेल्या नियमांनुसार, तीन वर्षांत दोन व्हिसा मिळवून ते कायदेशीररीत्या वापरणाऱ्या अर्जदारास दोन वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळू शकतो. वेळेवर परतणे, नियम पाळणे आणि कागदपत्रे जपणे हीसुद्धा एक प्रकारची ठेवच आहे. तिचा पहिला हप्ता कोणत्याही पहिल्या तारखेला, जवळच्या शाखेत भरता येतो.