सुई जागेवर, कापड चालते

जून उजाडला की कोल्हापुरात गणवेशांची घाई सुरू होते. तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलाच्या खिशावर शाळेचे बोधचिन्ह भरलेले असेल, तर ते दोन्ही बाजूंनी निरखून पाहा. वरून रंगीत दोरा दिसेल. आतून मात्र मधोमध बॉबिनच्या दोऱ्याची पांढरी पट्टी. असे काम आता घरच्या पुढच्या खोलीत ठेवलेल्या संगणकीय यंत्रावरही होते. पण कर्ज काढून यंत्र घेणाऱ्या घरापुढे प्रश्न असतो : हप्ता फिटेल का? त्याचे उत्तर शोधायला आधी यंत्र समजून घेऊ या.

शिलाई यंत्रात दाते कापडाला एकाच दिशेने सरकवतात. भरतकामाच्या यंत्रात कापड फ्रेममध्ये ताणून बसवलेले असते. सुई फक्त वर-खाली होते. ती वर असताना एक मोटर फ्रेमला डावी-उजवीकडे आणि दुसरी मागे-पुढे सरकवते. म्हणजे हा आपला आलेखाचा कागदच! प्रत्येक टाका हा एक बिंदू.

यंत्राला चित्र कळत नाही. 'इतके उजवीकडे, इतके पुढे' एवढेच कळते. चित्राचे असे टाके पाडण्याच्या कामाला 'पंचिंग' म्हणतात. पूर्वी या सूचना कागदी पट्टीवर भोके पाडून देत. पट्टी गेली, नाव राहिले.

यातल्या एका प्रचलित पद्धतीत अंतर मिलिमीटरच्या दहाव्या भागात मोजतात, आणि त्यासाठी १, ३, ९, २७ आणि ८१ हेच आकडे वापरतात. मग २५ कसे सांगायचे? २७ – ३ + १. तराजूच्या दोन्ही पारड्यांत वजने टाकण्याचे कोडे मुलांना घालता ना, तेच हे! पाचही आकड्यांची बेरीज १२१. म्हणून एका सूचनेत फ्रेम एका दिशेने जास्तीत जास्त १२.१ मिलिमीटर सरकते. त्याहून लांब जायचे तर दोन-तीन उड्या घ्याव्या लागतात.

वर्तुळ अंडाकृती का होते?

पडद्यावर अचूक गोल काढला, तरी कापडावर तो कधी कधी अंडाकृती उतरतो. यंत्र बिघडले का? नाही. आडव्या टाक्यांचा ताण कापडाला आडवे आवळतो. गोलाची रुंदी घटते. म्हणून पंचिंग करणारा त्या दिशेला आकृती मुद्दाम थोडी रुंद ठेवतो, आणि कापडाखाली अस्तराचा कागद लावतो. हे न जाणता काम घेतले, तर बिघडलेला ब्लाउज गिऱ्हाइकाचा असतो आणि भरपाई आपली.

आता हप्त्याचे गणित

समजा, एका बोधचिन्हाला ८,००० टाके आहेत आणि यंत्र मिनिटाला ८०० टाके घालते. म्हणजे १० मिनिटे. फ्रेममध्ये कापड बसवायला ५ मिनिटे. एका नगाला १५ मिनिटे, आठ तासांत ३२ नग.

वेग वाढवून १,००० केला तर? ८ आणि ५ मिळून १३ मिनिटे. दिवसाला ३६ नग. वेग सव्वापट झाला, पण काम अवघे चारने वाढले!

आता वेग तोच ठेवा, पण दुसरी फ्रेम घ्या. एका फ्रेमवर यंत्र चालू असताना दुसरीत कापड बसवा. फ्रेम बदलायला एक मिनिट धरले, तर ११ मिनिटांत एक नग; दिवसाला ४३. अर्थात दोरा तुटणे आणि वीज जाणे यात धरलेले नाही.

महागडा वेग घेण्याआधी वेळ कुठे जातो ते पाहावे, हा धडा या हिशेबात आहे. आणि दिवसाला ४३ नगांचे काम जुलैनंतरही मिळेल का, हे आधी बाजारात विचारून यावे. हप्ता तर बाराही महिने असतो.

वर्गात करून पाहा

पातळ सुती कापडावर ४ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ काढा. फ्रेम न लावता ते आडव्या, दाट टाक्यांनी भरा आणि दोरा जरा ओढून धरा. मग दोन्ही दिशांनी व्यास मोजा. दुसरे वर्तुळ कापडाखाली जाड कागद लावून भरा. फरक किती पडला? आणि ५० हा आकडा त्या पाच आकड्यांनी कसा सांगाल?